जाणून घ्यावे की नको?



रस्त्याने एखादा माणूस झोकांड्या खात येताना दिसला की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, 'पिऊन आलाय.' बहुधा ते खरेही असते. पण हंटिंग्टन नावाचा आजार झालेल्या माणसाची चालही तशीच असते. हातपाय आपोआप झटकले जातात, बोलणे अडखळते, स्वभाव चिडका बनतो, पुढे पुढे घास गिळणेही कठीण होते. साधारणपणे तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे बहुतेकांना मुलेबाळे झाल्यावर, हे सुरू होते आणि पंधरा-वीस वर्षे चालते. झटके कमी करणारी औषधे आहेत. मुळापासून बरे करणारे औषध आजही डॉक्टरांच्या हाती नाही.

जॉर्ज हंटिंग्टन ह्या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली ह्या आजाराचे वर्णन लिहिले, तेव्हा तो अवघा बावीस वर्षांचा होता. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर. त्यामुळे त्याच घराण्यांच्या पिढ्या तिघांच्या नजरेखालून गेल्या होत्या. आजार आईकडून किंवा बापाकडून येतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, नाणे उडवावे तशी. आणि नाणे प्रत्येक मुलासाठी नव्याने उडते. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला असे नाही. मात्र ज्याला तो दोष मिळालाच नाही, त्याच्या मुलाबाळांना त्याच्याकडून आजार जात नाही.

'कोणाचे पाप भोवले?' हा प्रश्न अशा घराला शेजारीपाजारी हमखास विचारतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनीही प्रभू येशूला हेच विचारले होते, आणि प्रभूने त्याचे पापही नाकारले व त्याच्या आईबापांचेही. संत योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय घरी पुन्हा वाचावा. दोन हजार वर्षे झाली, तरी आपला प्रश्न शिष्यांचाच राहिला आहे.

पण आज आम्हांला दुसऱ्याच प्रश्नाविषयी लिहायचे आहे. १९९३ साली ह्या आजाराचा जीन सापडला. तेव्हापासून रक्त तपासून सांगता येते की हा आजार पुढे होणार की नाही. तर मग, ज्याच्या वडिलांना हा आजार आहे अशा पंचवीस वर्षांच्या धडधाकट मुलाने तपासणी करून घ्यावी का?

'अर्थात घ्यावी, सत्य जाणण्यात भीती कसली?' असे आपण चटकन म्हणतो. पण नॅन्सी वेक्सलर ह्या अमेरिकन संशोधक बाईंचे उदाहरण पाहा. १९६८ साली त्यांच्या आईला हा आजार असल्याचे कळले. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या काठी मच्छिमारांच्या वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तेथील लोक त्याला नुसते 'एल माल', म्हणजे 'वाईट', म्हणत. १९७९ पासून नॅन्सीबाई वर्षानुवर्षे तेथे जात राहिल्या. त्या कुटुंबांनी दिलेल्या रक्तामुळेच जीनचा माग लागला. पण तपासणी शक्य झाल्यावर नॅन्सीबाईंनी स्वतः ती घेतली नाही. आपल्याला हा आजार असल्याचे त्यांनी २०२० साली जाहीर केले. ह्याला आम्ही भ्याडपणा म्हणणार नाही. आपण मरणार हे प्रत्येकाला ठाऊक असते, पण कशाने हे आधीच कळून रोज सकाळी उठायचे, हे ओझे प्रत्येकाने उचललेच पाहिजे असा हुकूम कोणीही देऊ नये. ना डॉक्टरने, ना धर्मगुरूने, ना सासऱ्याने.

लग्नाची गोष्ट मात्र वेगळी. तपासणी करणे न करणे हा ज्याचा त्याचा अधिकार. पण घरात हा आजार आहे, हे लग्नापूर्वी त्या मुलीला किंवा मुलाला सांगितलेच पाहिजे. 'स्थळ मोडेल' म्हणून झाकून ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या संमतीची चोरी आहे. संसाराला गंभीर बाधा आणणारी गोष्ट संमती मिळवण्यासाठी कपटाने लपवली, तर तो विवाह वैध ठरत नाही, असे ख्रिस्तसभेच्या कायद्यातील १०९८वे कलम म्हणते. आणि मुले होऊ द्यावीत का? ह्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. गंभीर कारण असेल तर नैसर्गिक मार्गाने संततीचे नियमन करता येते, हे चर्चने १९६८ सालीच सांगितले आहे. गर्भ पारखून टाकून देणे मात्र आपल्याला मान्य नाही. ह्या दोहोंमधली वाट त्या नवराबायकोला प्रार्थनेने आणि रडतच शोधावी लागते. त्यांना बाहेरून सल्ला देणारे, आम्ही धरून, बरेच असतात.

लपवणाऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी हेही लक्षात घ्यावे की जर्मनीत हिटलरच्या राजवटीने १९३३ साली कायदा करून ह्याच आजाराच्या रुग्णांची सक्तीने नसबंदी सुरू केली होती. कळले की माणसे काय करतात, हे अशा घरांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

१८ मे २०१७ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी व्हॅटिकनमध्ये ह्या आजाराच्या रुग्णांना व त्यांच्या कुटुंबांना भेटीला बोलावले. व्हेनेझुएला, कोलंबिया, अर्जेंटिना येथूनही माणसे आली होती. त्या भेटीचे घोषवाक्य होते, आता लपून राहायचे नाही. भाषण झाल्यावर पोप त्यांच्यामध्ये गेले आणि हातपाय सतत हलत असलेल्या त्या माणसांना त्यांनी जवळ घेतले.