एका गाडीपुरता रस्ता

आज आपण एका रस्त्याचं मनन करू या. पाठ टेकून बसा, खांदे सैल सोडा. ज्या माणसासोबत संसार केला त्या माणसाला जमलं तर शेजारी बसवा; नाही जमलं तर मनात शेजारची जागा ठेवा. मधे मधे मी थांबायला सांगेन. तिथे खरंच थांबा, वाचत पुढे जाऊ नका.

रस्ता जपानमधल्या शिकोकू बेटावरचा आहे, राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४३९. तोकुशिमा शहरातून तो निघतो, १९५५ मीटर उंचीच्या त्सुरुगी पर्वताच्या अंगाखांद्यावरून इया खोऱ्यात उतरतो आणि कोची प्रांतातले डोंगर ओलांडत शिमान्तो शहराला पोचतो. लांबी सुमारे साडेतीनशे किलोमीटर. राष्ट्रीय मार्ग म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, ते इथे विसरायचं. कितीतरी ठिकाणी हा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता उरतो. एका अंगाला शेवाळ धरलेला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळणावर पलीकडचं दाखवणारा गोल आरसा.

गाडी छोटी घ्या. पिवळ्या नंबरप्लेटची, ६६० सीसीची. डोंगरातले शेतकरी तीच वापरतात. आपल्यासारखीच जपानमध्येही गाडी डावीकडून चालवतात आणि आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो. एकाने चाक धरावं, दुसऱ्याने शेजारी बसावं. निघू या.

गाव सुटण्याआधी रेल्वेचे रूळ लागतात. फाटक उघडं आहे, आगगाडीचा मागमूस नाही, तरीही जपानी कायद्याप्रमाणे रुळांच्या अलीकडे चाकं पूर्ण थांबवावी लागतात. नुसता वेग कमी करून चालत नाही. थांबायचं, दोन्हीकडे पाहायचं, मगच पुढे जायचं. घरातही असे रूळ असतात. कुणाच्या माहेरचा विषय, पैशांचा विषय, मुलांबद्दलची जुनी खंत. ते कुठे आहेत हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं, आणि बहुतेक वेळा आपण वेगातच त्यांच्यावरून जातो. तुमच्या दोघांमधला असा एक विषय मनात आणा. त्याच्या अलीकडे उभे राहा. तीन श्वास घ्या. आज तो ओलांडायचाच असं नाही.

आता चढण सुरू झाली. देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांची दाटी, खाली नदीचा आवाज. आणि समोरून भाजीच्या पेट्या लादलेला छोटा ट्रक येतो. दोन गाड्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. मागे कोणी जायचं?

या रस्त्यावर हा प्रश्न फार साध्या रीतीने सुटतो. रुंद जागा ज्याच्या जवळ, तो मागे जातो. आधी कोण आलं, चूक कोणाची, कोण मोठा, यातलं काही विचारात येत नाही. एक गाडी हळूहळू मागे सरते, दुसरी पुढे निघते, जाता जाता चालक मान लववतो आणि मागे गेलेलाही मान लववतो. मागे जाण्यात कमीपणा कुणालाच वाटत नाही.

इथे थोडा वेळ थांबा. मागच्या भांडणात रुंद जागा कुणाच्या जवळ होती, ते आठवून पाहा. कुणाची झोप पुरी झाली होती, कुणाचा दिवस बरा गेला होता, कुणाला त्या क्षणी एक पाऊल मागे घेणं सोपं होतं? उत्तर दर वेळी एकच येत असेल, तर तेही नीट पाहा. कारण एकाच गाडीला जर नेहमी मागे जावं लागत असेल, तर रस्त्यावर कुठेतरी नवी रुंद जागा काढायची वेळ आली आहे. या रस्त्यावर मुरलेला माणूस मागे टाकलेल्या रुंद जागासुद्धा ध्यानात ठेवतो. केव्हा लागतील, सांगता येत नाही.

आता शेजारच्या आसनाकडे पाहा. चालवणारा उजवीकडे बसला आहे आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने चालली आहे. दरी डावीकडे आली की ती शेजारच्याच्या खिडकीखाली येते. चालवणाऱ्याला डांबर दिसतं, वळण दिसतं. शेजारच्याला थेट तळ दिसतो. तरीही चालवणारा म्हणतो, घाबरतेस काय, भरपूर जागा आहे. त्याच्या बाजूने ते खरंच असतं. हात घट्ट धरून बसलेल्या माणसाची भीतीही तितकीच खरी असते. एकाच गाडीत, एकाच वेळी, दोघं दोन वेगळे रस्ते पाहत असतात. डोळे मिटा आणि मनानेच जागा बदला. दुसऱ्याच्या खिडकीतून काय दिसतं? घाई न करता पाहा. दरी दिसेपर्यंत पाहा.

इया खोऱ्यात उतरल्यावर पूल लागतात. इथले पूल वेलींचे. ११८५ मध्ये पराभूत झालेले हेइके घराण्याचे योद्धे या खोऱ्यात लपले आणि शत्रू आलाच तर झटकन तोडता यावेत म्हणून त्यांनी वेलींचे पूल बांधले, अशी आख्यायिका आहे. यातला सर्वांत प्रसिद्ध पूल ४५ मीटर लांब आहे आणि नदीपासून १४ मीटर उंचावर झुलतो. वेल कुजणारच, हे इथल्या लोकांनी धरून चाललेलं आहे. म्हणून दर तीन वर्षांनी तो नव्याने विणतात. पूल तुटला म्हणून नव्हे, तुटण्याआधी. आता आत पोलादी तारा आहेत, तरी विणणं सुटलेलं नाही. खोऱ्याच्या वरच्या टोकाला, आपल्या रस्त्यालगतच, अशा पुलांची एक जोडी आहे. लोक त्यांना पती-पत्नी पूल म्हणतात. एक लांब, एक आखूड. दोन्ही एकाच प्रवाहावर, एकमेकांपासून थोडं अंतर राखून.

तुमच्या नात्यातली कोणती वेल जुनी झाली आहे? एके काळी रोज होणाऱ्या गप्पा, एकत्र ऐकलेलं गाणं, न विचारता पुढे केलेला चहा. ती अजून तुटलेली नाही. नव्याने विणायची वेळ हीच.

जवळच नागोरो नावाचं गाव आहे. तीसहून कमी माणसं आणि त्यांच्या कितीतरी पट बाहुल्या. आयानो त्सुकिमी नावाच्या बाई ओसाकाहून इथे आपल्या वडिलांकडे परत आल्या. शेत राखायला त्यांनी एक बुजगावणं केलं, ते वडिलांसारखं दिसलं. मग गेलेल्या, गाव सोडलेल्या माणसांच्या आठवणीत त्या बाहुल्या करत राहिल्या. शाळा २०१२ मध्ये बंद झाली. तिच्या वर्गात आता बाहुल्या बसलेल्या आहेत. बांधावर एखादं जोडपं विसावलेलं दिसतं. जवळ गेल्यावर कळतं, कापडाचं आहे. इथे मनात येणारा विचार टाळू नका. आपल्या दोघांतलं कुणीतरी एक आधी जाणार. हा विचार क्रूर नाही. तो शेजारी बसलेल्या माणसाकडे पुन्हा नीट पाहायला लावतो. पाहा. चेहऱ्यावरची नवी रेघ पाहा, केसांतलं रुपेरीपण पाहा, श्वास चालू आहे तो पाहा.

रस्ता संपतो तिथे शिमान्तो नदी आहे, १९६ किलोमीटरची. तिच्यावर चिन्काबाशी नावाचे पूल आहेत: बुटके, अरुंद, कठडा नसलेले. पुरात पाण्याखाली जावेत अशाच बेताने ते बांधले आहेत. कठडा असता तर वाहून येणारी झाडं त्याला अडकली असती आणि पूलच मोडला असता. कठडा नाही, म्हणून पूर वरून निघून जातो. मुखाकडचा सर्वांत लांब पूल जवळपास २९२ मीटरचा आहे. त्यावरून जाताना गाडी मुंगीच्या पावलांनी न्यावी लागते, आणि पायी येणारा कडेला उभा राहून वाट देतो.

संसारात पूर येतात. आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं, बोलून गेलेला एखादा शब्द. त्या वेळी प्रत्येक गोष्ट अडवून तिचा हिशेब मागितला, तर सगळं आपल्याच अंगावर साचतं. काही पाणी वरून जाऊ द्यावं. पण अन्याय, मार, अपमान हा पूर नव्हे. तो सोसत राहू नका, तिथून बाहेर पडा.

या रस्त्यावर जे टिकून आहे, ते जागा ठेवल्यामुळे टिकलं आहे: समोरच्या गाडीला, कुजणाऱ्या वेलीला, गेलेल्या माणसांना, पुराच्या पाण्याला. आज रात्री दिवा मालवण्याआधी आपल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: तुझ्या खिडकीतून सध्या काय दिसतंय? आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नका.