नाव कळलं, झाड कळलं का?

परसात एक अनोळखी झाड आहे. थेट खोडालाच बोटभर लांब हिरव्या फळांचे घोस लागलेत. आपण फोन काढतो, फोटो मारतो आणि अ‍ॅप सांगतं: अ‍ॅव्हेरोआ बिलिंबी. म्हणजे कोकण-गोव्यातलं बिंबल. झाली ओळख!

पण झालं नेमकं काय? यातलं ‘अ‍ॅव्हेरोआ’ हे नाव लिनिअसने १७५३ साली छापलं, ते बाराव्या शतकातल्या इब्न रुश्द या तत्त्वज्ञ-वैद्यावरून. त्या बिचाऱ्याचा या झाडाशी काडीचा संबंध नाही. कोडमधल्या पॉइंटरसारखं आहे हे. तो पत्ता देतो, आत काय आहे ते उघडूनच बघावं लागतं.

आत आहे ऑक्झॅलिक आम्ल, भरपूर. कोळंबीच्या कालवणात दोन-चार बिंबलं पडली तर मजा येते. पण याच फळांचा दाट रस औषध म्हणून प्यायल्याने किडन्यांना इजा झाल्याच्या केसेस केरळच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. याचं भावंड स्टारफ्रूट तर किडनीच्या रुग्णाच्या जिवावरही बेतू शकतं.

आता समजा, शेजारच्या काकू कुंपणापलीकडून विचारतात, “काय रे, हे खातात का?” त्यांना नाव नकोच आहे. तुझ्या शब्दावर घरात नेऊ का, एवढंच त्या विचारतायत. अ‍ॅपची खात्री नव्व्याण्णव टक्के असेल, आणि झाडाबाबत ती खरीही असेल. पण काका आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात, हे अ‍ॅपला ठाऊक नाही. आपल्याला आहे.