परक्या भाषेतले स्वगत

आमच्या घरात दोन भाषा पहिल्यापासून नांदतात. भाजीवालीशी कानडी आणि देवाशी मराठी, ही वाटणी कुणी न ठरवता ठरून गेलेली आहे. मी मराठी शाळेचा मुख्याध्यापक. त्यामुळे गेल्या श्रावणात धाकट्या लेकीची रोजनिशी टेबलावर उघडी दिसली आणि ती कानडीत आहे हे ध्यानात आले, तेव्हा मनाला चटका बसला. मजकूर मी वाचला नाही, वही मिटून ठेवली. पण लिपी दिसली ती दिसलीच. बाजारातले कानडी निराळे. पण माणूस स्वतःशीच बोलताना शेजारची भाषा जवळ करू लागला, तर तो आपल्या भाषेशी द्रोह होतो का?

या प्रश्नाने मला फार दूर नेले. सकाळी फिरताना कानात घालून ऐकायला लेकीनेच मोबाईलवर पॉडकास्ट लावून दिले होते. पीटर अॅडमसन नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक २०१० पासून तत्त्वज्ञानाचा इतिहास असा सांगत आले आहेत. बी.ए.ला ग्रीक-रोमनांची नावे मी परीक्षेपुरती पाठ केली होती. आता ती माणसे माझ्याबरोबर चालू लागली.

त्यांत मार्कस ऑरेलियस भेटला. इ. स. १६१ ते १८० रोमचा सम्राट. डॅन्यूब नदीकाठच्या मोहिमांच्या धामधुमीत त्याने केवळ स्वतःसाठी काही टिपणे लिहिली. रागावू नकोस, मरण लक्षात ठेव, आपले काम कर, असे तो स्वतःलाच बजावतो. जन्माने रोमन, राज्याची भाषा लॅटिन. पण ही टिपणे आहेत ग्रीक भाषेत! ज्याला तो गुरुस्थानी मानी, तो एपिक्टेटस एकेकाळचा गुलाम. त्याने स्वतः काही लिहिले नाही. त्याची ग्रीक प्रवचने एरियन या शिष्याने उतरवून ठेवली आणि रस्टिकस नावाच्या शिक्षकाने ती मार्कसच्या हाती दिली. विचार ज्या भाषेत भेटला, त्याच भाषेत तो मनाशी घोळवला गेला.

याच्या उलट टोकाला थोरला केटो. इ. स. पू. १५५ मध्ये अथेन्सहून तीन तत्त्वज्ञ वकिलातीवर रोमला आले. त्यांतल्या कार्नियाडीझने एके दिवशी न्यायाची थोरवी गायिली आणि दुसऱ्या दिवशी तीच खोडून काढली. तरुण मुले भारावली. केटोने मात्र यांचे काम झटपट उरका आणि यांना घरी पाठवा असा आग्रह धरला. हाच केटो अथेन्समध्ये ग्रीक येत असूनही लॅटिनमध्ये बोलला आणि दुभाष्याकडून सांगवले, असे प्लुटार्क लिहितो. सीमाभागातल्या वाचकाला हा हट्ट समजावून सांगायला नको!

या दोघांच्या मधली वाट सिसेरोची. इ. स. पू. ४५ मध्ये त्याची लाडकी लेक तुलिया वारली. ते दुःख उरात घेऊन तो लिहीत बसला आणि ग्रीक तत्त्वज्ञान त्याने लॅटिनमध्ये आणले. ग्रीकमध्ये असताना हे कशाला, असे विचारणाऱ्यांना त्याने सविस्तर उत्तर दिले. शब्द नव्हते तिथे ते घडवले. इंग्रजीतले ‘मॉरल’ आणि ‘क्वालिटी’ हे शब्द त्याच्याच टांकसाळीतल्या नाण्यांवरून आलेले आहेत.

इथे कुणी म्हणेल, रोमनांचे काय बिघडत होते? लॅटिनच्या पाठीशी सैन्य होते. ज्यांच्या भाषेला राजाश्रय नाही, त्यांनी अशी उदारता दाखवली तर उरणार काय? आक्षेप खरा आहे, मी तो रोज जगतो. शाळेचा पट दर जूनमध्ये मोजताना हात जड होतो. पण ग्रीकांचे सैन्य तर हरलेलेच होते, तरी त्यांची भाषा विजेत्याच्या अंतःकरणात जाऊन बसली. तिच्यात मनाशी बोलण्याजोगे काही होते म्हणून. तेव्हा लेकीने कानडीत का लिहिले यापेक्षा मराठीत का नाही लिहिले, हा प्रश्न अधिक प्रामाणिक.

तो मी एकदाचा तिला विचारला. आधी मार्कसची गोष्ट सांगितली, मग भीतभीत रोजनिशीची. ती रागावेल असे वाटले होते. ती हसली आणि म्हणाली, “बाबा, मराठीत लिहायला बसले की तुमचा लाल पेन दिसतो. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळताना सांगायचं राहूनच जातं. कानडीत चुकलं तरी कुणी बघत नाही.”

मी गप्प झालो. तीस वर्षे ज्या पेनने मी मराठीची राखण केली, त्यानेच माझ्या घरातले एक दार बंद झाले होते.

मार्कसने टिपणांच्या पहिल्याच भागात आपल्या शिक्षकांचे ऋण मानले आहे. त्यांत अलेक्झांडर नावाचा एक व्याकरणाचा शिक्षक आहे. बोलणाऱ्याची चूक झाली तर त्याला टोकू नये, तोच शब्द आपल्या उत्तरात सहज बरोबर वापरून दाखवावा, हे त्याच्याकडून शिकलो असे सम्राट म्हणतो. ते मी पहाटेच्या अंधारात ऐकले आणि रस्त्याकडेच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसून राहिलो.

दिवाळीच्या सुटीनंतर नववीची मुले निबंध आणतील. पहिल्या वाचनाला लाल पेन हातात घ्यायचा नाही, एवढे तरी ठरवले आहे. जमेल की नाही, सांगता येत नाही. हाताची सवय जुनी आहे.