मागच्या सीटवरचे डोके

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. आज या गावाची मंडई, उद्या शेजारच्या टोल्याची. दिवसा दुकाने आणि दंडारीचे लोकनाट्य, रात्री नाटक. नाटक उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. त्या वेळेला एसटी नसते. मग पंधरा-सोळा वर्षांची पोरे घरची मोटारसायकल काढतात आणि ट्रिपल सीट बसून दहा-पंधरा किलोमीटरवरची मंडई गाठतात. हेच धानकापणीचे दिवस असतात. रस्त्यावर तणसाने भरलेली ट्रॉली असते आणि तिच्या मागे लाल दिवा नसतो. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाच्या बाजूच्या रस्त्यांवर रानडुक्कर कधी आडवे येईल याचा नेम नाही. परतताना गाडी चालवणारा अर्धा झोपेत असतो. तिघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नसते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी भाचा म्हणाला, “मामा, गाडी नेऊ का? मंडईपर्यंतच जातो.” तो तेव्हा सोळा वर्षांचा होता. मी किल्ली दिली आणि “सावकाश जा” म्हणालो. ज्या खिळ्यावर किल्ली होती, त्याच्याच बाजूच्या खिळ्यावर माझे हेल्मेट टांगलेले होते. ते मी दिले नाही आणि त्यानेही मागितले नाही. पहाटे साडेचारला गाडीचा आवाज येईपर्यंत मला झोप लागली नाही. त्या रात्री मी स्वतःला एकच विचारत होतो, की काळजी एवढी होती तर हेल्मेट का दिले नाही?

उत्तर मला नंतर सापडले आणि ते माझ्यापुरते नाही असे वाटते, म्हणून लिहितो आहे. हेल्मेट दिले असते, तर हा मुलगा आज रात्री खरोखर रस्त्यावर गाडी चालवणार आहे हे मला कबूल करावे लागले असते. “जरा मंडईपर्यंत” या शब्दांनी ती गोष्ट लहान झाली होती. जिल्ह्यातल्या हजारो घरांत हेच चालते. मुलाने गाडी चालवणे कायद्यात बसत नाही, हे घराला ठाऊक असते. म्हणून घर त्याकडे बघत नाही. जे बघायचेच नाही त्यासाठी हजार रुपयांचे हेल्मेट कोण आणणार?

कायदा काय म्हणतो? 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची गाडी चालवता येते, त्यावरच्या गाडीला अठरा वर्षे पूर्ण हवीत. ही तरतूद लूना मोपेडच्या काळातली. आज पेट्रोलवर चालणारी 50 सीसीची नवी गाडी बाजारात मिळत नाही. शाळा-ट्यूशनला जी स्कुटी दिसते ती शंभर-सव्वाशे सीसीची असते. म्हणजे सोळा ते अठरा या वयाच्या मुलांसाठी कायद्याने ठेवलेले दार पेट्रोलच्या गाड्यांपुरते कधीच बंद झाले आहे. 2019 च्या दुरुस्तीने 199-अ हे कलम आणले. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. शिक्षा मोठी आहे. पण तिने मुले गाडीवरून उतरली नाहीत, कारण ती ज्या गरजेपोटी गाडीवर चढली ती गरज तशीच आहे.

ही गरज खरी आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस मुलींना बारावीपर्यंत शाळेत नेतात, ही मोठी गोष्ट आहे. पण ट्यूशन संध्याकाळी सातला सुटते, तेव्हा बस नसते. मुलग्यांसाठी तर तीही सोय नाही. नोव्हेंबर 2021 ते एप्रिल 2022 या काळात एसटीचा संप चालला. त्या महिन्यांत कितीतरी घरांनी नाइलाजाने मुलांच्या हाती गाडी दिली आणि संप मिटल्यावर ती परत घेतली नाही. हे आठवले की मला मुलांवर चिडता येत नाही.

शाळांनी यात आणखी एक गाठ मारली आहे. गाडी आणायची नाही, असा नियम असतो आणि तो योग्यच आहे. त्यामुळे मुले गाडी शाळेच्या अलीकडे, एखाद्या पानठेल्यामागे किंवा ओळखीच्या अंगणात लावतात. पाच-सहा स्कुट्या ओळीने उभ्या असतात. हेल्मेट वर्गात नेले तर पकडले जाणार, आरशाला टांगले तर चोरीला जाणार. म्हणून ते घरीच राहते. उन्हाळ्यात आणखी अडचण. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, आणि जाड दुपट्ट्यावर हेल्मेट नीट बसत नाही. पातळ सुती कापड एकच घडी करून बांधले तर बसते. एवढी साधी गोष्टही कोणी मुलींना सांगितलेली नसते.

हेल्मेटसक्ती म्हटले की महाराष्ट्राला पुण्याचा विरोध आठवतो. जानेवारी 2019 मध्ये तिथे कारवाई सुरू झाली तेव्हा मोर्चे निघाले, माझे डोके माझे आहे असा सूर होता. मोठ्या माणसाच्या तोंडी हा युक्तिवाद निदान ऐकून घेता येतो. सोळा वर्षांच्या मुलाबाबत तो लागूच होत नाही. त्याचे जेवण, शाळा, मोबाइल या सगळ्याचा निर्णय आपण घेतो. मग डोक्याचाच निर्णय त्याच्यावर का सोडायचा?

29 नोव्हेंबर 2024 ला गोंदिया-कोहमारा रस्त्यावर शिवशाही बस उलटली आणि 11 जण गेले. समोरच्या दुचाकीला वाचवताना चालकाचा ताबा सुटला, असे तेव्हा सांगितले गेले. सगळा जिल्हा हळहळला. दुचाकीवरचे मरण मात्र एकेकटे येते, आतल्या पानावर चार ओळींत संपते. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. हेल्मेट नसलेली दुचाकीवरची माणसे त्यांत 50,029 होती, आणि त्यांतली 14 हजारांहून जास्त मागे बसलेली होती.

मागे बसलेली. मला यातच वाट दिसते. कलम 129 नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचे आहे. फेब्रुवारी 2023 पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या बाळालाही ते लागते. म्हणजे बापाच्या मागे बसून शाळेत जाणाऱ्या मुलासाठी घरात त्याच्या मापाचे हेल्मेट आधीच असायला हवे. मुलासाठी हेल्मेट घेणे म्हणजे त्याच्या बेकायदा गाडी चालवण्याला परवानगी देणे, ही माझ्यासारख्यांची अडचण इथे संपते. पाचव्या वर्षापासून ज्याच्या डोक्यावर पट्टा आवळला गेला, त्याला सोळाव्या वर्षी उघड्या डोक्याने गाडीवर बसल्यावर चुकल्यासारखे वाटेल. किल्ली देऊ नये, हे माझे मत कायम आहे. पण ज्या घरातून ती दिली जाणारच आहे, तिथे एका चुकीच्या दोन होऊ नयेत.

हेल्मेट हातात घेऊन बघा. बाहेरचे कवच मार पसरवते, पण जीव वाचवतो तो आतला थर्माकोलचा थर. तो चेपतो आणि डोक्याला थांबायला क्षणाचा अंश जास्त मिळवून देतो. एकदा चेपलेला तो परत फुगत नाही, म्हणून पडलेले हेल्मेट बाद समजायचे. 61 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटने डोक्याच्या इजेचा धोका सुमारे 69 टक्के आणि मृत्यूचा 42 टक्के कमी होतो असे आढळले. जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट विकता येत नाही. तरी पोलिसांपुरती घातलेली, आत नुसता स्पंज असलेली टोपी अजून दिसते. हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल तर चांगले हेल्मेटही पहिल्या आपटीत उडून जाते. आणि डोक्याला मार लागला की आपल्याकडे पुढचा शब्द ‘रेफर’ असतो. गोंदियाहून नागपूर रेल्वेने 130 किलोमीटर आहे.

शाळांना विनंती आहे की दाराशी एक कुलपाची मांडणी ठेवा. बापाच्या मागे बसून आलेल्या मुलांचीही हेल्मेटे तिथे राहतील. एसटीने मंडईच्या दिवसांत रात्रीची एक फेरी तरी द्यावी. आणि पालकांना सांगायचे आहे ते असे: विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. वह्या-रेनकोट घ्यायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या. शिवणाचा टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून मागे फिरवा आणि जो आकडा येईल ते माप दुकानात मागा. मी हे उशिरा केले. भाच्याचे माप 56 आले. खिळ्यावरचे माझे हेल्मेट 60 चे होते.