जुन्या डब्याची साक्ष

शंभर वर्षांचा रेल्वेचा डबा दुरुस्तीला घेतला, तर त्यातले किती बदलेपर्यंत तो जुना म्हणायचा? प्रश्न कारागिराचा वाटतो, पण थोडा खोलवर विचार केला की तो नीतीचा आहे हे ध्यानात येते. आमच्या उंद्रीला रेल्वे नाही. आमच्या बाजूचे स्टेशन खामगाव. जलंबहून तिथवर १८७० मध्ये फाटा आला तो कापूस वाहून नेण्यासाठी. खामगाव-जालना मार्गाची मागणी तर आम्ही वाडवडिलांच्या तोंडून ऐकत आलो. तरीही हा प्रश्न आम्हांला आपला वाटतो, कारण जुने जपण्याची वेळ काही एकट्या रेल्वेवरच येते असे नाही.

जुन्या डब्याची घडण साधी असे. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर सागवानी खांब आणि फळ्या. पावसाचे पाणी तळाशी मुरते आणि खांब बुडातून सडतात. चांगला कारागीर सबंध खांब उपटून फेकत नाही. सडलेला तेवढाच भाग कापून तिथे नव्या सागवानाचा सांधा बसवतो. रंगाचे थर एकेक करून खरवडतो, म्हणजे मूळ रंग कोणता होता ते कळते. मात्र चाके, आस आणि ब्रेक यांच्या बाबतीत जुन्याचा मोह चालत नाही. आसाच्या पोटातली चीर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती ध्वनिलहरींनी तपासतात आणि दोष आढळला तर आस बदलतात. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे, तिथे नवे घालणे हेच कर्तव्य होय.

तेव्हा नवे घालण्यात पाप नाही. मग ते कशात आहे? पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांच्याबद्दलची एक हदीस आपल्या घराघरांत सांगितली जाते. बाजारात धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. पाऊस पडला हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओल झाकली, हा होता.

डब्यालाही हेच लागू आहे. सडणे हा लाकडाचा धर्म आहे. पण नव्या फळीला जुनाट रंग फासून ती शंभर वर्षांची म्हणून दाखवणे म्हणजे ओल झाकणे. प्रामाणिक कारागीर नव्या लाकडाच्या मागच्या बाजूला वर्ष कोरून ठेवतो आणि काय बदलले त्याची नोंद करतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी गुजरातेत एकतानगर-अहमदाबाद अशी ‘हेरिटेज’ गाडी सुरू झाली. तिचे इंजिन दिसायला वाफेचे, चालायला विजेचे. हे उघड सांगितले आहे, म्हणून त्यात फसवणूक नाही. पण ती हौस आहे, जतन नव्हे. दोन्हींना एकच नाव देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

झाकण्याची दुसरी तऱ्हा याहून सूक्ष्म आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ मध्ये बांधलेला सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलूनही आहे. ते जपलेच पाहिजेत. पण आपले आजोबा-पणजोबा सलूनमधून फिरले नाहीत. ते तिसऱ्या वर्गाच्या फळकुटावर बसून गेले. त्या वर्गाच्या हालांवर महात्मा गांधींनी १९१७ मध्ये लिहिले. तो वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. इंग्रजी अमदानीत स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगवेगळे मिळे. एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून आलेली माणसे तहान लागली की दोन बाजूंना जात. मखमली गाद्या तेवढ्या झटकून ठेवल्या आणि ते फळकूट व पाण्याचे ते दोन माठ विसरलो, तर एकही खोटा शब्द न उच्चारता आपण खोटी साक्ष दिली असे होईल. गवाही लपवणे हा आपल्या दीनमध्ये गुन्हाच मानला आहे.

आणि गवाही आपल्या सोयीचीही असू नये. नेरळ-माथेरान गाडीचे उदाहरण घ्या. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले आणि १९०७ मध्ये दोन फुटी रुळांवरून गाडी माथेरानला पोहोचली. त्या काळचे सोळा लाख रुपये या घराण्याने ओतले. माथेरानला जाणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असते? ते सांगितले पाहिजे. पण ते सांगून थांबलो तर आपणही सलूनच जपला. ज्या मजुरांनी तो डोंगर फोडला, ज्या सुतार-लोहारांनी ते डबे पिढ्यान्‌पिढ्या चालते ठेवले, त्यांचीही गवाही देणे लागते, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत.

कोणी म्हणेल, गावाला गाडी नाही आणि तुम्ही जुने डबे कसले रंगवता? हा सवाल रास्त आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेवर प्रेम करणाऱ्या वऱ्हाडी माणसालाही आधी प्रवासाची सोय हवी, आठवण नंतर. प्रवाशाचा हक्क पहिला. पण जुना डबा भंगारात काढल्याने कोणाला बसायला जागा मिळत नाही.

आता आपल्या अंगणात पाहू. गावोगावी जुन्या मशिदी पाडून नव्या होत आहेत. नमाजी वाढले, जागा अपुरी पडली, छत धोक्याचे झाले. ही कारणे खरी असतात, आणि आसाप्रमाणे छताशीही तडजोड नको. पण सागवानी खांब उतरवताना ते कोणी घडवले, वर्गणी कोणी दिली, सुतार कोणत्या समाजाचा होता, हे विचारायला कोणी थांबत नाही. ते सांगू शकणारा एखादाच बुजुर्ग उरलेला असतो. खांब लिलावात जातात आणि नव्या फरशीवर नव्या देणगीदारांची नावे येतात.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: किती लाकूड उरले यावर डब्याचे जुनेपण ठरत नाही. काय उरले, काय गेले आणि ते कोणाच्या हातांनी केले, हे विचारणाऱ्याला खरे सांगता येते तोवर तो डबा तोच. हे सांगण्यासाठी कारखाना लागत नाही. खांबाला हात लावण्यापूर्वी एक छायाचित्र, त्या बुजुर्गाजवळ तासभर बसणे आणि वहीचे एक पान, एवढे प्रत्येक गावाला परवडते.