यादीबाहेरची वाडी आणि विधानभवनातील विद्यार्थी

विद्यार्थ्याने सत्तेच्या दारात उभे राहावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच आहे. वक्तृत्वस्पर्धांतून तो अनेक वर्षे चर्चिला गेला आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असे: आधी शिकावे, मग बोलावे. आज त्याच प्रश्नाने निराळे रूप धारण केले आहे. पदवी घेतलेली मुलेमुली लोकप्रतिनिधींकडे काही महिने उमेदवारी करतात. त्यांच्यासाठी अहवाल वाचतात, आकडे जमवतात, प्रश्नांचे मसुदे तयार करतात. दिल्लीत पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची ‘लॅम्प’ पाठ्यवृत्ती २०१० पासून तरुण पदवीधरांना खासदारांच्या मदतीस देते. आपल्या राज्यात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची शाखा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरवते. २०१५ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री फेलोशिपने तरुणांना शासनाच्या कामकाजात घेतले. यांपैकी अभ्यासवर्ग हे शिक्षण आहे आणि फेलोशिप ही कार्यपालिकेची सेवा. परंतु कायदे करणाऱ्या आमदाराच्या शेजारी बसून, हवामानबदलासारख्या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे नैतिक स्थान कोणते? तो कोणाचा सेवक? आमदाराचा, सत्याचा, की ज्यांचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाही त्यांचा?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम भिवपुरीच्या परिसरातून विचारू इच्छितो. कर्जतच्या अलीकडे भिवपुरी रोड हे लहानसे स्थानक आहे आणि त्याच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. ठोकरवाडी धरणात अडवलेले मावळातील पाणी कड्यावरून खाली आणून वीज निर्माण करणारे टाटांचे वीजगृह येथे १९२२ साली सुरू झाले. मुंबईच्या भरभराटीस ज्या विजेने हातभार लावला, तिच्यात भिवपुरीचा वाटा आहे. वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी उल्हास नदीला मिळते आणि नदीकाठची शहरे ते पितात. वस्तुतः हे पाणी पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारे. त्याला पश्चिमेकडे वळवण्यात आले. म्हणजे धूर न सोडणारी ही वीजदेखील कोणाच्या तरी पाण्याचा हिशेब मागे ठेवते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य शासनाशी सामंजस्य करार केला, त्यात भिवपुरी येथील १००० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पाचा समावेश आहे. मागणी कमी असताना, किंवा सूर्याची वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की ते खाली सोडून वीज काढायची, अशी ही योजना. चढवण्यास लागणारी वीज ही मिळणाऱ्या विजेपेक्षा अधिकच असते. तरीही सूर्य मावळल्यावर सौरवीज वापरता यावी, यासाठी अशी साठवण उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे.

आता अशा प्रकल्पाविषयी आमदाराला टिपण हवे आहे असे समजू. प्रकल्पाचा पुरस्कर्ता आमदार त्यातून कोळशाची बचत शोधील, विरोधक जंगल आणि जमीन शोधील. दोघांनाही आपल्या बाजूचे आकडे मिळतील, कारण दोन्ही बाजूंस काही सत्य आहे. विद्यार्थ्याची खरी कसोटी येथे लागते. आमदाराला आवडेल तेवढेच लिहिणे सोपे असते आणि पुढच्या शिफारसपत्रासाठी सोयीचेही. त्यात एकही खोटे वाक्य नसेल, तरी असे टिपण खोटे असू शकते. काय लिहिले याइतकेच काय गाळले, यानेही साक्ष बिघडते, हे आपण पापनिवेदनाच्या तयारीत लहानपणापासून शिकलो आहोत. केलेल्या कृत्यांइतकीच न केलेली कर्तव्येही तेथे मोजली जातात.

यावर एक आक्षेप येतो. विद्यार्थी निवडून आलेला नाही. त्याला कोणी मत दिले नाही आणि चूक झाली तर त्याला कोणी घरी बसवू शकत नाही. मग त्याच्या लेखणीला सभागृहात वाट का द्यावी? आक्षेप रास्त आहे, परंतु तो विद्यार्थ्याला बाहेर ठेवण्याचे कारण ठरत नाही. त्यातून त्याची मर्यादा मात्र स्पष्ट होते. निर्णय लोकप्रतिनिधीचा आणि त्याचे उत्तरदायित्वही लोकप्रतिनिधीचेच. विद्यार्थ्याचे उत्तरदायित्व निराळे आहे: समोरच्यास निर्णय घेण्याइतके पूर्ण सत्य पुरवणे. हे उत्तरदायित्व कोणी मतपेटीतून मोजत नाही, म्हणूनच ते सदसद्विवेकबुद्धीवर अधिक जड पडते. संत थॉमस मोर यांनी राजाची सेवा निष्ठेने केली, परंतु सेवा देणे आणि विवेक गहाण टाकणे यांतील रेषा त्यांनी ओळखली. १५३२ साली त्यांनी चॅन्सेलरपद सोडले आणि १५३५ साली प्राण दिले. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना राज्यकर्त्यांचे व राजकारण्यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. उमेदवारी करणाऱ्या मुलाकडून कोणी शिरकमलाची अपेक्षा करीत नाही. ‘हे मी लिहिणार नाही, कारण ते अपुरे आहे,’ एवढे नम्रपणे म्हणण्याचे धैर्य पुरे.

याहून अवघड गोष्ट आम्हांला इर्शाळवाडीने शिकवली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतली ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवावे लागले. त्या वेळी मुंबईत पावसाळी अधिवेशन चालू होते. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाच्या वतीने सभागृहात सांगण्यात आले. हे वाक्य खरे होते, आणि त्याचे खरेपणच मनाला अधिक बोचते.

अशा प्रसंगी ‘हवामानबदल’ हा शब्द पटकन ओठांवर येतो. अतिवृष्टीचे प्रसंग अधिक तीव्र होत आहेत, हे शास्त्र सांगते आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर्व भार आकाशावर टाकला की जमिनीवरच्या कोणाचेच नाव घ्यावे लागत नाही. यादी कोणी केली? डोंगरउतारावरील वस्त्यांची पाहणी किती वर्षांनी होते? वाडीवरच्या माणसांना कोणी विचारले? अभ्यासू विद्यार्थ्याने तयार केलेला एक तारांकित प्रश्न मंत्र्यांकडून या गोष्टींचे उत्तर मागू शकतो, एक लक्षवेधी सूचना एखाद्या तालुक्यातील यादी पुन्हा तपासायला लावू शकते. आम्ही असे म्हणत नाही की एखाद्या प्रश्नाने दरड थांबली असती. परंतु जो प्रश्न विचारलाच जात नाही, त्याचे उत्तर देण्यास कोणी बांधील नसतो.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सारेच जाणतो. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधात निघतो, त्याच्या प्रेमाविषयी प्रवचने होतात. एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष जात नाही: एक मेंढरू हरवले हे त्याला कळले कसे? त्याने शंभर मोजली होती म्हणून. मोजणे हा प्रेमाचा आरंभ आहे. जो कळप कधी मोजलाच नाही, त्यातले हरवलेले मेंढरू हरवलेलेही ठरत नाही. या दृष्टीने पाहिले तर आकडे, नकाशे आणि याद्या हे कोरडे काम राहत नाही. तीही परोपकाराची कृत्ये आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितला, आणि २०२३ च्या ‘लाउदाते देउम’मध्ये राज्यकर्त्यांच्या दिरंगाईवर बोट ठेवले. विधानभवनातील टेबलावर हे दोन आक्रोश एकत्र पोहोचवायचे, तर टिपण लिहिणाऱ्याने वाडीची चढणही चढलेली असली पाहिजे.

म्हणूनच कोणाची मुले तेथे बसतात हा प्रश्नही न्यायाचा आहे. विनावेतन उमेदवारी ही ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यालाच परवडते. कर्जतच्या आश्रमशाळेतून शिकून आलेली ठाकर वा कातकरी मुलगी, जिला डोंगराचा उतार पावलांनी माहीत आहे, ती लोकलचे भाडे आणि मुंबईतील जेवण यांच्या हिशेबातच अडते. मग सेवेच्या नावाखाली पुन्हा सुखवस्तूंनाच सत्तेची ओळख होते आणि यादीबाहेरचे यादीबाहेरच राहतात. आमच्या मते, अशा कामास माफक का होईना, विद्यावेतन असावे. शासन ते देईल तेव्हा देईल. आपली महाविद्यालये, संस्था आणि धर्मग्रामे वर्षाला एका विद्यार्थ्याचा भार उचलू शकतील. हा मदतीचा हात आपल्या समाजापुरता ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. आणि पैसे देणाऱ्याने टिपणातील एक शब्दही मागू नये.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईच्या लढ्याने आपल्याला मोर्चा काढावयास शिकवले. ते शिक्षण अमोल आहे. परंतु मोर्चा सभागृहाच्या दाराशी थांबतो आणि आत कागद जातो. तो कागद कोण लिहितो, कोणासाठी लिहितो आणि त्यात कोणाची नावे राहून जातात, याची चिंता वाहणे हेही आता आपले काम आहे. सह्याद्रीच्या कुशीत अजून कितीतरी वाड्या आहेत, आणि पावसाळा दरवर्षी येतो.