परतफेड कोणाची?

आपण ज्याला जेवू घातले तो उद्या आपल्याला जेवू घालील, या भरवशावर वाढलेल्या अन्नाला दासोह म्हणावे काय? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. दूरवर सायकलने फिरणाऱ्या प्रवाशांच्या निमित्ताने तो तपासून पाहू.

हे प्रवासी तंबू, कपडे, भांडी सायकलला बांधून महिनोन्‌महिने फिरतात. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर तुडवून संध्याकाळी घामाने व धुळीने माखून परक्या गावात उतरतात. त्यांच्यासाठी १९९३ पासून ‘वॉर्म शॉवर्स’ नावाची व्यवस्था चालत आली आहे. नावाचा अर्थ ऊन पाण्याची आंघोळ. तिचा सभासद वाटेवरच्या सायकलस्वाराला रात्रीपुरता घरी ठेवून घेतो, आंघोळीला पाणी देतो, बहुधा जेवूही घालतो. मोबदला घेत नाही. आजच्या पाहुण्याने घरी परतल्यावर दुसऱ्याचा यजमान व्हावे, एवढीच अपेक्षा.

कोणी म्हणेल, ही तर शेतातली सावड झाली. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पण सावडीत ज्याचे त्यालाच फेडावे लागते. इथे हॉलंडमधल्या ज्या घराने पुण्याच्या मुलाला आसरा दिला, त्या घरचे कोणी पुण्याला येईलच असे नाही. मुलगा फेडील ते तिसऱ्याच कुणाचे. देणाऱ्याच्या वहीत जमेची बाजू कोरीच राहते. अशा देण्याला देवघेव म्हणणे मला पटत नाही. ते दासोहाच्या फार जवळचे आहे.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅफ्टन नावाचे डोंगरातले गाव आहे. १९७६ साली देशाच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे झाली, म्हणून हजारो सायकलस्वार देश ओलांडायला निघाले. त्यांची वाट तिथल्या खड्या चढावरून, जून करी या बाईंच्या दारावरून जात होती. दमलेली माणसे पाणी मागू लागली. बाईंनी पाणी दिले, मग बिस्किटे भाजून देऊ लागल्या, पुढे रात्रीच्या मुक्कामालाही जागा दिली. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर ‘बिस्किटवाली बाई’ म्हणूनच त्या सायकलस्वारांत ओळखल्या जात. प्रवाशांनी पाठवलेल्या पत्रांनी त्या घराच्या भिंती भरून गेल्या होत्या.

‘आमचे घर लहान, कसले आतिथ्य करणार?’ असे म्हणणाऱ्याने आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांना आठवावे. कल्याणच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून ते दांपत्य दासोह करीत असे. एके दिवशी मारय्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून यायला लावले. थकलेल्या सायकलस्वाराला भाकरी, आमटी आणि पाठ टेकायला जागा पुरते. पक्वान्नांचा घाट आपण पुष्कळदा स्वतःच्या मोठेपणासाठी घालतो.

आता भीतीचे बोलू. जुलै २०१८ मध्ये ताजिकिस्तानात चार परदेशी सायकलस्वारांची हत्या झाली. प्रवाशाला धोका असतो, तसा दार उघडणाऱ्यालाही. एकट्या स्त्रीला तर दोन्हीकडून. मग आलेल्याची चौकशी करणे शरणांच्या शिकवणीविरुद्ध होते काय? माझ्या मते चौकशी-चौकशीत फरक आहे. नाव, गाव, ओळखपत्र विचारणे हे घरातल्यांविषयीचे कर्तव्य आहे. कूळ, जात, मिळकत विचारून मग पाट कुठे मांडायचा ते ठरवणे, हे मात्र दासोहाला पोखरते. मनात भय असेल तर सरळ नकार द्यावा. आत घेऊन ओसरीवर वेगळे वाढू नये. (सायकलवर आला म्हणून त्याला ‘जंगम’ म्हणण्याचीही घाई नको. नुसत्या हिंडण्याने ते पद मिळत नाही.)

पाहुण्यालाही कायक चुकत नाही. केव्हा पोहोचणार ते आधी कळवणे, घरच्यांच्या झोपण्याची वेळ पाळणे, आपले ताट आपण धुणे, हे त्याच्याकडे येते. घेणे हे देण्याहून अवघड असते. हात रिकामे असले की ते अधिकच बोचते. पुणे-बेंगळूरु महामार्गाने निपाणी, बेळगाव करीत चोर्ला घाटातून गोव्याकडे सायकलने जाणारे तरुण आपल्या भागात दिसतात. त्यांतला एखादा मठाच्या पंगतीला जेवला आणि नंतर कामाला हात लावू लागला, तर ‘तुम्ही पाहुणे, बसा’ म्हणून त्याला उठवू नका. शेजारी बसवून घ्या आणि शेंगा सोलायला द्या.